डांबरीच्या अलीकडे

अण्णांची मारुती आठशे पाच वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी होती. टपावर कोंबड्या बसायच्या. मागच्या सीटवर मांजर दोनदा व्याली. २०१९ साली अण्णा गेले आणि त्यानंतर तिला कुणी किल्ली लावली नाही. मी नोकरीपायी सोलापुरात, धाकटा भाऊ मोटारसायकलीवर खूश. भंगारवाला दर दोन-तीन महिन्यांनी वस्तीवर चक्कर टाकायचा आणि आईपुढं बावीस हजारांची बोली ठेवायचा. आई त्याला चहा द्यायची आणि सांगायची, "गाडी हाय ती. भाकड म्हस न्हवं इकून टाकायला."

पंढरपूरपासून सात-आठ किलोमीटरवर आमची वस्ती. डांबरी रस्ता सोडला की अर्धा किलोमीटर कच्ची वाट, मग घर, गोठा, विहीर. २०१० च्या संक्रांतीला उसाचं बिल आलं आणि अण्णांनी ही गाडी आणली. देशात पहिली मारुती आठशे १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली, त्याला तोवर सव्वीस वर्षं झाली होती. शहरातल्या लोकांना ती जुनाट वाटू लागली होती. आमच्या वस्तीवर मात्र ती पहिली चारचाकी. तिच्यातून नवऱ्या मुली सासरी गेल्या, साप चावलेला गडी दवाखान्यात गेला, आणि एका शेजारणीची मुलगी मागच्या सीटवरच जन्मली. अण्णा कुणाकडून पेट्रोलचे पैसे घेत नसत. म्हणायचे, "रस्त्यानं जातोच आहे."

गेल्या साली धाकट्या भावाचा मुलगा माझ्याकडं आला. आयटीआय केलेलं पोरगं, पंढरपुरात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. जळालेल्या पाणबुडी मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं भरायची आणि पुन्हा विहिरीत सोडायच्या, हा त्याचा धंदा.

"नाना, आण्णांची गाडी ब्याटरीवर करू."

"किती लागतील?"

"दीड लाखात बसवतो. माझी मजुरी सोडून."

मी पैसे दिले. नाही म्हणायला कारण नव्हतं. अण्णांची गाडी पुन्हा चालणार, पोराच्या हाताला नवं काम मिळणार आणि धूरही नाही, असं सगळं एका दमात पुण्याचंच वाटत होतं.

त्यानं इंजिन उतरवलं, सायलेन्सर काढला, पेट्रोलची टाकी काढली. गिअरबॉक्स तसाच ठेवला. पाच किलोवॉटची बॅटरीवरची मोटार आणि तिचा कंट्रोलर बेचाळीस हजारांना मिळाला. मोटार आणि गिअरबॉक्स यांच्या मधली लोखंडी प्लेट आणि कपलिंग लेथवाल्याकडून करून घेतलं, त्याचे नऊ हजार. लिथियम फॉस्फेटचे चोवीस सेल, शहाण्णव हजार. चार्जर आठ हजार. सेलवर लक्ष ठेवणारं कार्ड, जाड वायरी, फ्यूज, दिव्यांसाठी बारा व्होल्ट देणारा डबा, यांचे बारा. बेरीज एक लाख सदुसष्ट हजार. इंजिन आणि काढलेला माल विकून चौदा हजार आले. पोरगं बोललं त्यापेक्षा तीन हजारच जास्त झाले. आमच्या घरात एवढा अचूक अंदाज कुणाचाच आलेला नाही.

काम चालू असताना आई खाट टाकून शेजारी बसायची. इंजिन बाहेर आलं त्या दिवशी तिनं विचारलं, "काळीज काढलंस. आता ही आण्णांची गाडी ऱ्हाती का रं?"

पोरगं हसलं. मला मात्र तो प्रश्न रात्रभर पुरला. मिलिंद राजाला भिक्खू नागसेनांनी हेच विचारलं होतं. राजा रथातून आला होता. नागसेन म्हणाले, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, दांडी, लगाम? राजा एकेकाला नाही म्हणत गेला, आणि शेवटी कळलं की हे सगळं जुळून आलं की लोक त्याला रथ म्हणतात, एवढंच. 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात ही गोष्ट आहे. म्हणजे अण्णांची गाडी ना इंजिनात होती, ना टपात. आम्ही तिला अण्णांची म्हणत होतो, म्हणून ती अण्णांची.

सकाळी आईला हे सांगितलं, तर ती विहिरीकडं हात करून म्हणाली, "तिचंबी तसंच की."

खरंच होतं. माझ्या आज्याच्या काळात त्या विहिरीवर मोट होती. मग डिझेलचं इंजिन आलं. मग विजेची मोटार आली. पाणी उपसणारं तीनदा बदललं, विहीर आज्याचीच राहिली. शेतकऱ्याला जुन्यात नवं बसवायला कुणी शिकवावं लागत नाही. तो तेच करत आलेला आहे.

पण विहिरीची गोष्ट तिथं संपत नाही. बैल दमले की मोट थांबायची. मोटार दमत नव्हती. आमच्या विहिरीवर मोटार बसली आणि पुढच्या काही उन्हाळ्यांत खालच्या बांधावरच्या शेजाऱ्याची विहीर फेब्रुवारीतच तळाला जाऊ लागली. विहीर आमची होती, खालचं पाणी एकट्या आमचं नव्हतं. ते वैर दोन पिढ्या टिकलं. बदल आपण आपल्या वस्तूत करतो. तो पोचतो कुठवर, हे आपल्या बांधावरून दिसत नाही.

गाडी तयार झाली तेव्हा हे पहिल्यांदा आठवलं ते चार्जिंगच्या वेळी. पोरानं वायर विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीकडं ओढली होती. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. तो म्हणाला, "फुकटच हाय की नाना. मोटार चालली काय आन् गाडी चालली काय." मी म्हटलं, ती वीज उसाला दिली आहे, आपल्याला फिरायला नाही. त्याला हे पटलं नाही, पण वायर घराच्या मीटरवर आली.

मग मी हिशोब मांडला. पूर्ण चार्जिंगला साडेआठ युनिट लागतात, म्हणजे सत्तर-ऐंशी रुपये. त्यात गाडी साठ किलोमीटर जाते. तेवढ्याच अंतराला पेट्रोल साडेतीनशेच्या वर गेलं असतं. ऐकायला छान. पण आमची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरच्या वर कधीच पळाली नव्हती. तेवढ्या पळण्यात दीड लाख वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, आणि तोवर सेल साथ देतील की नाही, देव जाणे. काटकसर म्हणून केलेलं हे काम काटकसरीचं नव्हतं. मायेचं होतं. मायेवर पैसे खर्चायला हरकत नाही, पण मग तिला काटकसर म्हणू नये.

धुराचंही तसंच. पेट्रोलच्या इंजिनात निम्म्याहून जास्त ताकद नुसती उष्णता होऊन जाते. विजेची मोटार त्या मानानं फार थोडी वाया घालवते. हा फायदा खराच. पण तारेतून आलेल्या विजेवर गाव लिहिलेलं नसतं. आपल्याच जिल्ह्यात आहेरवाडी-फताटेवाडीला १,३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. ते कोळसा जाळतं आणि पाणी उजनीचं पितं. उजनीत अडवलेली भीमा तीच पुढं पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे गाडीच्या मागं धूर नसला, तरी कुठंतरी चिमणी आहे, आणि त्या चिमणीपायी आमच्याच नदीतून पाणी जातं. पोराला हे सांगितलं तर म्हणाला, "मग काय बैलगाडी जुपू?" त्याचंही चुकलं नव्हतं. सगळे दोष मोजत बसलं तर माणूस जागचा हलणार नाही.

खरा पेच कागदाचा होता. आरसी बुकात गाडीचं इंधन पेट्रोल. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं तपासून मान्य केलेलं कीट लागतं, ते अधिकृत ठिकाणी बसवावं लागतं आणि मग आरटीओत नोंद होते. त्या कीटचा भाव आमच्या गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट. पोराचं म्हणणं, "वरून बघून कुणाला कळतंय? इमा हाय, नंबर हाय."

मला देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवले. सांगली जिल्ह्यातलं, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते. लोहारांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून छोटी जीप बनवली, किक मारून सुरू होणारी, साधारण साठ हजारांत. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि त्याच दमात सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. तर ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. पुढच्या महिन्यात लोहारांच्या दारात बोलेरो आली. कौतुक आणि कायदा दोन्ही राखणारा शेवट. पण प्रत्येक वस्तीवर बोलेरो येत नाही. ज्याच्याकडं हुन्नर आहे आणि पैसा नाही, त्यानं काय करायचं? मान्यतेचा रस्ता फक्त पैसेवाल्यांना परवडत असेल, तर गरिबाची अक्कल बेकायदाच राहणार. हा राग माझ्याही मनात आहे, आणि तो खोटा नाही.

कार्तिकीच्या आदल्या दिवशी आईनं नवं लुगडं नेसलं. म्हणाली, "आण्णांच्या गाडीतनं कळस बघायचा. नामदेवाच्या पायरीला हात लावून येऊ." पोरानं बॉनेटला हार घातला. मी चालवायला बसलो. कच्च्या वाटेवरून गाडी निघाली ती बिनआवाजाची. आई पुढच्या सीटवर, हात डॅशबोर्डवर. तिच्या डोळ्याला पाणी.

डांबरीला पोचलो आणि मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण पायाला ब्रेक जड लागला. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पूर्वी इंजिन पुरवायचं. आता इंजिनच नव्हतं. पोरानं छोटा पंप बसवायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं होतं. समोर डांबरीवरून दिंडी चालली होती. टाळ-मृदंगाच्या नादात शे-दीडशे माणसं, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, मागं रेंगाळणारी दोन पोरं. आमच्या गाडीला आवाज नव्हता. मागून आलो असतो तर त्यांना कळलंही नसतं.

मी गाडी बंद केली.

"काय झालं?" पोरगं म्हणालं.

"इथनं पुढं न्यायची नाही."

तो भडकला. "पैसं घालताना आठावलं न्हाई? गाडी जुळवताना रोज येऊन बघत हुता की."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. कलम मला ठाऊक होतं, ब्रेकचं मी विचारायला हवं होतं. पहिला बोल्ट सैल करण्याआधी जो प्रश्न विचारायचा, तो मी हार घातल्यावर विचारला. मायेला आडकाठी घालायला मला जड गेलं, आणि त्याची किंमत पोरानं मोजली. त्याची तीन महिन्यांची मेहनत होती.

पण उतरताना मनात एवढं स्पष्ट होतं. अण्णांची गाडी ही आमच्या घरातली गोष्ट. तिच्यात बसायचा धोका आम्ही आपखुशीनं घेऊ, तो आमचा. दिंडीतल्या त्या पोरांनी तो घेतलेला नव्हता. त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. उद्या कुणाला लागलं आणि विमा कंपनीनं बॉनेट उघडून बघितलं, तर त्यांच्या हाती काय पडणार? कायदा आंधळा असेल, महाग असेल, पण त्या दिवशी तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या बाजूनं उभा होता. त्याच्या जागी दुसरं कुणी उभं नव्हतं.

आई टमटमनं पंढरपूरला गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा मी विचारलं, "रागावलीस?"

ती पाय चोळत म्हणाली, "तुझा बाप असता तर नेली असती गाडी. नक्की नेली असती." मग थोड्या वेळानं, "आन् कुणाला धक्का लागला असता तर जलमभर जेवला नसता."

तिनं माझी बाजू घेतली की अण्णांची, हे मला कळलं नाही. दोन्ही घेतल्या असाव्यात.

पोरगं महिनाभर माझ्याशी बोललं नाही. नंतर एका रविवारी आलं, व्हॅक्यूमचा पंप बसवला आणि न बोलता गेलं. आता गाडी वस्तीवरच चालते. गोठ्यापासून दुधाचे कॅन डांबरीपर्यंत आणते, विहिरीवरून वैरण आणते. आई कधी कधी संध्याकाळी तिच्यात बसून शेताला एक फेरी मारते. शिवेवरच्या लिंबापाशी गाडी वळते. तिथून, हवा स्वच्छ असली तर, पंढरपूरचे दिवे दिसतात. आई तिथूनच हात जोडते.