शेजाऱ्यासाठीचा कंडेन्सर

एखादी वस्तू दुरुस्त झाली असं आपण कधी म्हणतो? ती चालू झाली की. उत्तर इतकं उघड आहे की प्रश्न विचारायचीही लाज वाटावी. पण जुन्या कॉम्प्युटरचा बंद पडलेला पॉवर सप्लाय उघडून बसलं, की हाच प्रश्न अवघड होतो.

बीबीसी मायक्रोचं उदाहरण घेऊ. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हा कॉम्प्युटर १९८१ च्या डिसेंबरमध्ये आणला. ब्रिटनमधली एक पिढी त्यावर प्रोग्रॅमिंग शिकली. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने सुरू केलेल्या ‘क्लास’ योजनेतून तो आपल्याकडच्या काही शाळांमध्येही पोचला. त्याच्या ‘मॉडेल बी’ची मेमरी ३२ केबी. तुमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेलं असं मशीन प्लगला लावलं की अनेकदा एकच प्रकार घडतो. फट् असा आवाज, धूर आणि नाकात बसणारा जळका वास. कधी धूर निघत असतानाही मशीन चालूच राहतं. कधी फ्यूज उडतो आणि सगळं शांत.

आता शोध सुरू. पहिलं काम प्लग काढायचा आणि थांबायचं. २३० व्होल्टचा एसी आत डीसी होतो, तेव्हा मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथे टिकू शकतात. मीटरने खात्री केल्याशिवाय बोट लावायचं नाही. मग फ्यूज बघायचा. उडालेला असेल तर नवा टाकून लगेच बटण दाबायचं नाही, आणि जाड तार गुंडाळून वेळ तर मुळीच मारून न्यायची नाही. फ्यूज हा आजार नसतो, आजाराचा निरोप असतो.

मेन्सच्या दोन वायरींमध्ये मीटर लावला की शॉर्ट दिसतो आणि तिथेच गुन्हेगार सापडतो. पिवळसर, पारदर्शक कवचाचा एक छोटा चौकोनी कंडेन्सर. आत धातूचा पातळ थर दिलेला कागद. काळाने कवचाला बारीक भेगा पडतात, हवेतली ओल आत शिरते, कागद ती धरून ठेवतो. पुढे कधीतरी वीज त्या कागदातूनच आरपार जाते.

तो काढला. नवा फ्यूज घातला. सिरीज बल्ब लावून पाहिलं, बल्ब क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे शॉर्ट गेला. मग मशीन थेट मेन्सवर लावलं. पाच व्होल्ट व्यवस्थित आले आणि कॉम्प्युटरने आपला ओळखीचा दोन सुरांचा बीप दिला. झालं चालू.

आणि त्या कंडेन्सरची जागा अजून रिकामीच आहे.

इथे खरा प्रश्न सुरू होतो. तो कंडेन्सर मशीनला चालायला लागतच नाही. मग तो असतो कशाला? हा सप्लाय आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत असतो. त्यातून विजेचा एक गोंगाट तयार होतो. तो वायरीतून उलटा घराच्या लाइनमध्ये शिरतो, तिथून शेजारच्या घरात जातो आणि रेडिओत खरखर होऊन बाहेर पडतो. बाहेरून येणारा गोंगाट हा कंडेन्सर थोडाफार अडवतो, पण त्याचं मुख्य काम आपला गोंगाट आपल्यापाशी ठेवणं. मशीनच्या पोटात बसून तो शेजाऱ्याची काळजी घेतो.

मग तो परत बसवायचा की नाही? न बसवला तर गिऱ्हाइकाला कळणार नाही. ज्याला त्रास होईल, त्याला तो कुठून येतो हे कळणार नाही. तक्रार कधी येणारच नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजीसच्या अंगठीची गोष्ट आहे. ती घालून माणूस अदृश्य होतो. मग तो नीट वागेल का, असा तिथला प्रश्न. आपल्याला अंगठीची गरज नाही. सप्लायचं झाकण स्क्रूने बंद केलं की तेवढी अदृश्यता कुणालाही मिळते.

यावर दोन युक्तिवाद होतात. पहिला, एका मशीनने असा काय फरक पडतो? खरं आहे. पण हे प्रत्येकच मशीनबद्दल तितकंच खरं आहे, आणि सगळ्यांचा मिळून होणारा गोंगाटही खराच आहे. स्वस्त, बनावट चार्जर बनवणारेही हाच हिशेब करतात आणि आतले असले भाग गाळतात. तसा चार्जर लावल्यावर फोनची स्क्रीन वेड्यासारखी वागते, बोट एकीकडे आणि टच भलतीकडे, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. कुणीतरी वाचवलेल्या चार पैशांचा गोंगाट तो.

दुसरा युक्तिवाद, आता रेडिओ ऐकतो कोण? मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावणारे आजी-आजोबा ऐकतात. पुरात किंवा चक्रीवादळात मोबाइल टॉवर बंद पडले की निरोप पोचवणारे हॅम रेडिओवाले ऐकतात. आणि समजा, आज आपल्या गल्लीत कुणीच ऐकत नसेल. तरी ते आपल्याला कळणार कसं? ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्या वतीने ‘तुझं काही बिघडत नाही’ असं ठरवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कारखान्यात हा भाग बसतो, तेव्हा मागे नियमांचा आणि तपासणीचा धाक असतो. तिथे तो बसवणं म्हणजे चांगुलपणाच, असं म्हणता येत नाही. चाळीस वर्षांनी दुरुस्तीच्या टेबलावर मात्र कुणी इन्स्पेक्टर नसतो. त्या भागाच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मोकळेपणाने ठरवणार असतं, याची गरज आहे की नाही. म्हणून दुरुस्ती हे मला निव्वळ तांत्रिक काम वाटत नाही.

नवा कंडेन्सर एक-दोन चहांच्या पैशात येतो. फक्त कुठलाही चालत नाही. मेन्सवर बसणारा, ‘एक्स-टू’ वर्गाचाच हवा, कारण त्याने बंद पडतानाही आग लावता कामा नये. दोन टाके सोल्डरचे, पाच मिनिटांचं काम. त्यानंतर मशीन आधीपेक्षा जराही वेगळं चालत नाही. बीप तोच, स्क्रीन तीच.

दुरुस्त झालं असं मी मात्र तेव्हाच म्हणेन.