गतीचा अखत्यार

संगणकाच्या पडद्यावरील रंग, कडा आणि अक्षरे यांचा बंदोबस्त थीम रचणाऱ्याकडे सोपवावा, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. परंतु बटणावर माउस नेताच त्याचा रंग किती वेळात पालटावा, खिडकी किती त्वरेने मिटावी, हे ठरविण्याचा अखत्यारही त्याच्याचकडे असावा काय, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. कारण रंगाचे काही मोल पडत नाही, गतीचे मोल मात्र वापरणाऱ्याच्या वेळेतून वसूल होते.

लिनक्सवरील ग्नोम डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती २०११ साली आली, तेव्हा तिचे बाह्यरूप वेबपानांसाठी घडविलेल्या सीएसएसच्या धाटणीवर लिहिले गेले. तिच्या ‘अद्वैता’ थीमच्या स्टाइलशीटमध्ये पुढे बटणासाठी असा हुकूम आला, की स्थित्यंतर २०० मिलिसेकंदांत व्हावे, आणि तेही समगतीने नव्हे, तर आरंभी त्वरेने व अखेरीस मंदावत. ही मंदावण्याची रीत ०.२५, ०.४६, ०.४५ आणि ०.९४ या चार अंकांत सांगितलेली असून, ते ज्या जातीच्या वक्ररेषेचे नियामक आहेत, ती रेनोच्या मोटारींना आकार देताना पिअर बेझिए या अभियंत्याने प्रचारात आणली. मोटारीच्या पत्र्याचा बाक बटणाच्या कालमापनात उतरावा, ही मला मोठी मौज वाटते.

तथापि स्टाइलशीटचा अंमल येथेच आटोपतो. खिडकी मिटतानाची हालचाल ग्नोम शेलच्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असते आणि तेथे थीमची दाद लागत नाही. हौशी मंडळींस हे जाचते; ती एक्स्टेंशने लिहून वळसा घालतात. मला मात्र ही हद्द बहुतांशी रास्त वाटते: स्टाइलशीटला वस्तूच्या अवस्था ठाऊक असतात, तिचा प्रवास नव्हे, आणि मिटलेली खिडकी कोठे गेली हे सांगणारी हालचाल अलंकार म्हणून बदलू दिली, तर ती सांगणेच विसरेल.

अवधीची गोष्ट निराळी. काहींना पडद्यावरील हालचालीने घेरी येते, काहींना नुसता उशीर सोसत नाही. अशांना सेटिंग्जमध्ये अ‍ॅनिमेशन सरसकट बंद करता येते, पण त्याचा अवधी आपल्या सोयीने ठरविण्याची तजवीज नाही. वास्तविक शेलमध्ये स्टाइलशीटचे आणि जावास्क्रिप्टचे दोन्ही अवधी एकाच पटीने कमीजास्त करणारा गुणक पूर्वीपासून आहे. पण तो दोष शोधणाऱ्या प्रोग्रामरांच्या सोयीसाठी ठेवलेला, आणि एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या आडोशाला. तोच सेटिंग्जमध्ये आणून बसविण्यास नवे असे फारसे काही लिहावे लागणार नाही.