लांडग्याचे प्रमाण आणि समदृष्टी

गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुष ज्यांच्याकडे सारख्याच दृष्टीने पाहतो अशा जीवांची जी छोटीशी यादी आली आहे, तीत विद्वान ब्राह्मण आहे, गाय आहे, हत्ती आहे, श्वपाक आहे आणि कुत्राही आहे. लांडगा मात्र नाही. उलटपक्षी, कामसूत्रावरील जयमंगला टीकेत यशोधराने चित्रविद्येची जी सहा अंगे नोंदविली, त्यांत पहिले रूपभेद आणि दुसरे प्रमाण. म्हणजे ज्ञान्याने ज्या भेदांच्या पलीकडे जावयाचे, त्याच भेदांपासून चित्रकाराने आरंभ करावयाचा, असा हा उघड विरोध दिसतो. लांडगा काढावयास बसलेल्या मुलाच्या हातून जेव्हा हमखास कुत्रा उतरतो, तेव्हा हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही. कारण आत्मा जर दोहोंचा एकच, तर या चुकीला चूक तरी कोणत्या आधारावर म्हणावे?

प्रश्नाला देऊळगाव राजासारखे ठिकाण उचित आहे. या गावात बालाजीचे संस्थान आहे, आश्विनात तेथे मोठी यात्रा भरते, आणि देवाच्या मूर्तीचे माप शिल्पशास्त्राने अंगुले आणि ताल यांत बांधून दिलेले असल्याने मूर्तिकाराला प्रमाणासाठी देव प्रत्यक्ष पाहावा लागत नाही. गावाच्या शिवेबाहेर विदर्भ आणि मराठवाडा यांना सांधणारा जो उघडा, दगडाळ, गवताळ मुलूख पसरलेला आहे, त्यातील प्राण्याला असा कोणताही ताल लाभलेला नाही. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची मोजदाद करीत हिंडलेल्या कर्नल साइक्सने १८३१ साली येथील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध करताना या लांडग्याला शास्त्रीय नाव दिले, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या परिशिष्टात बसविले. अशा रीतीने सरकारी दप्तरात त्याची नोंद चोख झाली, परंतु चित्रवहीत तो अजून परकाच आहे. मुले जो लांडगा गिरवितात तो बहुधा बर्फाळ प्रदेशातला असतो: मानेभोवती दाट केसांची आयाळ, भरदार छाती, चंद्राकडे उचललेले तोंड. आपल्या माळावरचा लांडगा अंगाने किरकोळ आणि आखूड केसांचा असतो. उन्हाळ्यात तर त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतका तो सुटा दिसतो.

त्याचे प्रमाण साधावयाचे तर प्रथम पायांकडे पाहिले पाहिजे. कोपरापासून जमिनीपर्यंतची लांबी छातीच्या खोलीहून अधिक असते, आणि नवशिक्याचा हात नेमका येथेच अवसान गाळून पाय आखूड करतो. छाती अरुंद असल्याने पुढचे पाय एकमेकांच्या जवळ येतात. मागच्या पायात जो सांधा उलट्या गुडघ्यासारखा भासतो, तो गुडघा नसून टाच होय. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेशी असतो, आणि हा प्राणी जन्मभर बोटांवर चालतो, हे एकदा ध्यानी आले म्हणजे पायाची ती अनाकलनीय वाटणारी वळणे आपोआप जुळून येतात. कपाळ आणि नाक यांच्यामध्ये पाळीव कुत्र्याला असतो तसा ठळक खळगा नसतो, डोळे तिरपे असतात, आणि शेपूट वर न वळता सरळ खाली लोंबते. डोके मात्र प्रत्येक जण मोठे काढतो, दात त्याहून मोठे. हे अज्ञानाने होते असे मला वाटत नाही. हे भयाने होते. ज्याची भीती वाटते त्याचा जबडा मनात वाढत जातो आणि पाय झिजत जातात. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील लांडग्याला तर शेवटपर्यंत आकारच नाही, केवळ हाक आहे, आणि लहानपणी आपणा सर्वांना भेटलेला पहिला लांडगा तोच!

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो याच तालुक्यातून येतो. संत चोखोबांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले गेलेले मेहुणा राजा हे गाव देऊळगाव राजा तालुक्यात आहे. बाह्य रूपावर भुलू नये, हे चोखोबांनी वाकड्या उसाचा दाखला देऊन सांगितले ते महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? मग बाह्य रूपाचीच आराधना करणाऱ्या रेखांकनाला आध्यात्मिक मोल ते काय? मला वाटते, आक्षेपाचे उत्तर त्या अभंगाच्या रचनेतच आहे. उसाचे, कमानीचे आणि नदीचे वाकडेपण चोखोबा नाकारीत नाहीत; ते वाकडेपण त्यांनी नीट पाहिले आहे, आणि त्यातील काय वाकडे व काय सरळ याची वाटणी अचूक केली आहे. ज्यांनी त्यांना विठ्ठलाच्या दाराबाहेर उभे केले, त्यांनी रूप पाहून तसे केले नव्हते. त्यांनी जात ऐकली आणि पाहणेच सोडून दिले. १३३८ साली मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला. त्यांच्या अस्थींना पंढरपुरात जागा मिळाली तीही महाद्वारासमोर, उंबऱ्याच्या अलीकडे. समदृष्टीचा उच्चार करणाऱ्या समाजाने हे केले, याचा अर्थ असा की भेद न मानण्याची घोषणा आणि समोरच्याला जसा आहे तसा पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरीवाचून पहिली पोकळ आहे. लांडग्याला कुत्रा करून त्याच्यावर माया करणे ही समता नव्हे, तसेच त्याला राक्षस करून त्याचा द्वेष करणे हा विवेक नव्हे. प्रत्येक अवयवाला त्याचे देणे तेवढे देणे, न कमी न अधिक, हीच चित्रकाराला शक्य असलेली समदृष्टी. आणि ज्ञान्याची समदृष्टी तिच्याहून फार निराळी असेल असे मला वाटत नाही.

अधिक माया हीसुद्धा प्रमाणाची चूकच होय, याचा दाखला ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या सूक्तांत सापडतो. ऋज्राश्वाने एका लांडगीला शंभर मेंढ्या खाऊ घातल्या; त्यावर बापाने त्याचे डोळे काढले; आणि त्या लांडगीनेच अश्विनींना आळवल्यावर त्यांनी त्याला दृष्टी परत दिली. दयेला माप नाही, शिक्षेला त्याहून नाही. परंतु त्या मेंढ्या पौरजनांच्या होत्या असे भाष्यकार सांगतात, आणि त्यांच्या मालकांची फिर्याद मात्र सूक्तात कोठेच नाही. आजचा वनखात्याचा शिरस्ता या बाबतीत अधिक न्यायी म्हणावा लागेल: लांडग्याने मेंढी मारली तर पंचनामा होतो आणि धनगराला नुकसानभरपाई मागता येते, मग ती हाती पडावयास कितीही खेटे घालावे लागोत.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती चित्रकलेच्या शिक्षकांना थोडी चमत्कारिक वाटेल. लांडगा कागदावर एकटा काढू नये, कारण एकट्या प्राण्याची उंची कागद सांगत नाही. त्याच्या शेजारी, त्याच जमिनीच्या रेषेवर, एक दख्खनी मेंढी काढावी. दोहोंचे माप खरे साधले तर मुलाला प्रथमच कळेल की लांडगा खांद्याशी मेंढीहून फारसा उंच नसतो, आणि चित्र पाहणाऱ्या धनगरालाही आपले नुकसान त्यात नोंदलेले दिसेल.