बिनदाराचं गाव, बिनचेहऱ्याचा बाजार

शनिशिंगणापूरच्या रस्त्यावरच्या एका रसवंतीत निवृत्त शिक्षक असलेले मामा आणि पुण्यात सायबर सुरक्षेत काम करणारी त्यांची भाची यांची इंटरनेटवरच्या छुप्या बाजारांवरून जुंपली होती.

“इथं घरांना दारं न लावण्याची रीत आहे. युको बँकेनं 2011 मध्ये शाखा काढली, तीही बिनकुलपाची,” मामा म्हणाले. “माणूस माणसाला ओळखतो, वर शनिदेवाचा धाक. तोंड लपवणाऱ्यांनी कशाच्या जोरावर एकमेकांवर विश्वास ठेवायचा?”

“धाक त्यांनीही उभा केलाय, मामा.” तिनं ‘सिल्क रोड’चं उदाहरण दिलं. अमली पदार्थांचा हा छुपा बाजार 2011 ते 2013 चालला. टोर नेटवर्कमुळे कोण कुठून बोलतोय ते कळत नसे. गिऱ्हाईक बिटकॉइन मोजायचं, पण माल पोचेपर्यंत ते बाजारचालकाकडे अडकून राहायचे. मग गिऱ्हाईक शेरा लिहायचं. वाईट शेरे वाढले की विक्रेत्याचा धंदा बसायचा. पत सगळी टोपणनावाला. बेकायदा बाजारातला हा चोख व्यवहार मामांच्या पचनी पडेना.

“आणि मधलाच पळाला तर?”

“पळालेत की. मार्च 2015 मध्ये ‘इव्होल्यूशन’ या तसल्याच बाजाराचे चालक लोकांचे बिटकॉइन घेऊन गायब झाले. पोलिसांत जाणार कोण?”

“मग सरकारनं हा आडपडदाच मोडावा.”

“पण उघड्यावर तरी कुठं सुरक्षित आहे? देवस्थानाच्या नावानं बनावट ॲप काढून भाविकांचे पूजेचे पैसे लुबाडल्याचं 2025 चं प्रकरण इथलंच ना? आणि आडपडदा मोडायचा तर उषा मेहतांचाही मोडाल?” 1942 च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत इंग्रजांपासून लपत, जागा बदलत काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या त्याच उषाबेन.

“त्या देशासाठी लपल्या, हे विष विकायला. दोघांना एकच माप?”

“इंग्रजांच्या लेखी त्या गुन्हेगारच होत्या. हेतू पाहून आडोसा देणारं यंत्र अजून निघालेलं नाही.”

“हे ज्या आईच्या पोराला पुडी घरपोच मिळाली, तिला सांगशील?”

नाही सांगता येणार, हे तिनं मान्य केलं. तरीही सगळ्यांचा आडोसा काढण्यापेक्षा पोलिसांनी माणसाच्या चुका शोधाव्यात, यावर ती ठाम राहिली. उषाबेनचा ठिकाणा पकडलेल्या तंत्रज्ञाकडून कळला. ‘सिल्क रोड’चा चालक रॉस उल्ब्रिक्ट सापडला तो सुरुवातीच्या काळात त्यानंच एके ठिकाणी दिलेल्या स्वतःच्या ईमेल पत्त्यामुळे. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. उल्ब्रिक्टला 2015 मध्ये जन्मठेप झाली; जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला पूर्ण माफी दिली.