टाळी कुणासाठी?

दर साली २४ एप्रिलला आर्मेनियन माणूस जिथं असेल तिथं आपल्या मेलेल्यांची आठवण करतो. येरेवानच्या टेकडीवर १९६७ साली बांधलेलं स्मारक आहे. तिथल्या ज्योतीभोवती फुलं रचतात. कुठं स्मृतीची मैफल होते. लोकगीतं होतात, शास्त्रीय होतं. गाणं संपतं आणि टाळ्या पडतात.

माझा सवाल इथंच आहे. ऑटोमन राजवटीनं १९१५ पासून लाखो आर्मेनियन मारले, वाळवंटात चालवून चालवून मारले. त्यांची गाणी ऐकून आपल्याला बरं वाटतं. हे बरं वाटणं पाप आहे काय?

कुणी म्हणेल, गाऊ नका, मौन पाळा. मला पटत नाही. मौन तर मारणाऱ्यालाच पाहिजे असतं. तुर्कस्तानचं सरकार अजून त्याला वंशसंहार म्हणत नाही. आणि मौन काय असतं ते कोमितासकडं बघा. १८६९ साली कुताह्यात जन्मलेलं हे पोरकं पोर. बोली तुर्की. १८८१ साली एचमियाझिनच्या मठात नेलं तेव्हा धड आर्मेनियन येत नव्हतं. त्याच पोरानं पुढं गावोगाव हिंडून हजारो गाणी कागदावर उतरवली. २४ एप्रिल १९१५ ला इस्तंबूलात त्याला धरलं, चांकिरीला धाडलं. तो सुटून आला, बरोबरचे कितीतरी आलेच नाहीत. मग त्याचं मन मोडलं ते मोडलंच. १९३५ साली पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात मेला. हे मौन त्याच्यावर लादलेलं होतं. ते आपण पुढं का चालवायचं?

तेव्हा गायचं. पण कसं ऐकायचं?

लोरी भागातल्या वार्दाब्लूर गावच्या नांगरगीतावर कोमितासनं अख्खा अभ्यास लिहिला. जड नांगर, जनावरांच्या कैक जोड्या, हाकणारे बरेच गडी. गाण्यात जनावराला हाका, गड्याला हाका. सगळ्यांचा जोर एका वक्ताला लागावा म्हणून ते गाणं. पाळीवर उभं राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लोरी झारच्या राज्यात होतं, कत्तल सरहद्दीपलीकडं झाली. पण नांगर दोन्हीकडं चालत होता, घाम दोन्हीकडं गळत होता.

हे गाणं रडण्यासाठी जन्मलं नाही. त्याला नुसतं सुतकाचं करून टाकलं की नांगऱ्याचा फक्त मुडदा उरतो. मारणाऱ्यानं त्याला मुडदाच केला. आपणही त्याला तेवढाच ओळखायचा?

आणि ही लोक-शास्त्रीय वाटणी तरी कसली? ज्याचं नाव छापलं त्याचं शास्त्रीय, ज्याचं नाव कुणी विचारलंच नाही त्याचं लोकसंगीत! कोमितासनं निदान गावाचं नाव लिहून ठेवलं.

जर्दाळूच्या लाकडाचा दुदुक ऐका. वादक दोन असतात. एक सूर फिरवतो, दुसरा एकच सूर धरून बसतो, श्वास तुटू न देता. त्या धरलेल्या सुराला तिकडं ‘दम’ म्हणतात. आपल्या दमासारखाच शब्द. नजर पहिल्याकडं जाते, गाणं उभं असतं दुसऱ्याच्या छातीवर.

म्हणून टाळी जरूर वाजवा. पण आधी विचारा, गाणं कुठल्या गावचं, कुठल्या कामाचं, कुणाच्या दमावर उभं? मैफलीच्या कागदावर हे छापायला लावा. मग ती टाळी मरणाला पडणार नाही. जगलेल्याला पडेल, राबलेल्याला पडेल.