पाऊल कोणाचं?

मागच्या वर्षी नोकरी सोडताना एका कागदावर सही केली. चार वर्षांत लिहिलेला सगळा कोड कंपनीचा, त्यातलं काहीही मी बरोबर नेणार नाही, असं त्यात होतं. वाईट वाटायचं कारण नव्हतं, पगार दर महिन्याला घेतला होता. तरी वाटलं. त्याच आठवड्यात रात्री मोबाईलवर 'ओक्लाहोमा!' या जुन्या अमेरिकन संगीतिकेतलं स्वप्ननृत्य बघत बसलो आणि ते बसवणाऱ्या अ‍ॅग्नेस डी मिलबद्दल वाचत सुटलो.

'ओक्लाहोमा!' ३१ मार्च १९४३ ला न्यूयॉर्कला रंगमंचावर आलं. संगीत रिचर्ड रॉजर्सचं, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइनचे. गोष्ट साधी आहे. लॉरी नावाची मुलगी, तिच्यावर जीव असलेला कर्ली आणि तिला ज्याची भीती वाटते तो शेतगडी जड. पार्टीला कुणाबरोबर जायचं, हा प्रश्न. पहिल्या अंकाच्या शेवटी बोलणं थांबतं, नटांच्या जागी नर्तक येतात आणि लॉरीच्या डोक्यात काय चाललंय ते साधारण पंधरा मिनिटं फक्त नाचातून दिसतं. हॅमरस्टाइनच्या मनात सर्कशीसारखं गमतीदार स्वप्न होतं. डी मिलला ते पटलं नाही. घाबरलेल्या मुलीला असली स्वप्नं पडत नाहीत. तिने जडच्या खोलीतल्या भिंतीवरच्या उत्तान चित्रांमधल्या बायका जिवंत करून नाचवल्या. स्वप्नात जड कर्लीला मारून टाकतो. लॉरी दचकून जागी होते आणि भीतीपोटी जडबरोबरच जाते. म्हणजे नाच काढला तर गोष्टीला भोक पडतं.

नाटकाचे २,२१२ प्रयोग झाले. संगीतकार आणि गीतकाराला त्यात मिळाला तसा मालकीचा वाटा डी मिलला नव्हता. याबद्दल ती पुढे कायम भांडत राहिली. दिग्दर्शक आणि नृत्यदिग्दर्शकांची संघटना १९५९ मध्ये उभी राहिली, तिची ती पुढे अध्यक्षही झाली.

वाचताना मला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीने. डी मिलचे आजोबा म्हणजे हेन्री जॉर्ज, १८७९ साली 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' लिहिणारे. त्यांचं म्हणणं असं, की जमीन कुणी बनवलेली नाही, म्हणून तिच्यातून येणारं भाडं सगळ्या समाजाचं. पण माणूस स्वतःच्या कष्टाने जे बनवतो ते त्याचं. (आमच्याकडे सातबाऱ्यावरून भाऊ-भाऊ बोलायचे थांबतात, त्यामुळे मला हा माणूस लगेच आवडला.)

मग नाचातलं पाऊल म्हणजे जमीन की घर?

'ओक्लाहोमा!'च्या आधी, १९४२ मध्ये, डी मिलने आरन कोपलंडच्या संगीतावर 'रोडिओ' हा बॅले केला होता आणि त्यातली मुख्य मुलगी स्वतः नाचली होती. त्यात गावजत्रेतला स्क्वेअर डान्स आहे, काउबॉयची फेंगडी चाल आहे. हे तिने शोधलेलं नाही, तसा तिचा दावाही नव्हता. तिचा दावा होता रचनेवर: कुठलं पाऊल कशानंतर, कुणाच्या अंगात, का. माझा कोडही असाच. फॉर लूप माझा नाही, फुकट मिळालेल्या लायब्ररी माझ्या नाहीत. त्या कशा जोडल्या, एवढंच माझं.

कायद्याला हे उशिरा कळलं. हान्या होमने 'किस मी, केट'मधला नाच लाबान लिपीत उतरवून १९५२ मध्ये अमेरिकेत नोंदवला. अमेरिकी कायद्यात नृत्यरचनेचं नाव स्पष्टपणे आलं ते १९७६ मध्ये. आपल्या १९५७ च्या कायद्यात ती नाट्यकृतीत धरलेली आहे. पण हेच कायदे नोकरीत केलेलं काम बहुतेक वेळा मालकाला देतात. मार्था ग्रॅहमच्या मृत्यूनंतर न्यायालयाने तिचे बरेचसे नाच तिनेच उभ्या केलेल्या संस्थेचे ठरवले, कारण कागदोपत्री ती तिथली नोकर होती. हे वाचून मी मोठ्याने हसलो, मग हसू गेलं.

माझ्यापुरतं मी असं ठरवत आणलं होतं, की पगाराने काम वापरायचा हक्क जातो. ते कुणी केलं, हे त्या पैशात बसत नाही. भारतीय कायद्याचं कलम ५७ थोडंफार तेच म्हणतं, हक्क विकला तरी कर्ता म्हणवून घेण्याचा अधिकार उरतो. त्यामुळे आपण डी मिलच्या बाजूचे, असं वाटून जरा बरंही वाटलं.

ते टिकलं नाही. 'ओक्लाहोमा!'मध्ये जोन मॅक्रॅकन नावाची नर्तकी होती. एका गाण्यात ती नाचता नाचता धाडकन पडते. प्रेक्षक हसले आणि ती 'पडणारी मुलगी' म्हणून न्यूयॉर्कभर माहीत झाली. पडणं रचनेत बसलं ते डी मिलमुळे. पण नेमकं कोणत्या क्षणी आणि कुठल्या चेहऱ्याने पडल्यावर हसू येतं, हे तिच्या अंगातलं. मग ते पाऊल कोणाचं? रॉजर्सच्या शेजारी डी मिलचं नाव हवं असेल, तर डी मिलच्या शेजारी कुणाचं?

आमच्या टीममध्ये एक ज्युनिअर होती. ग्राहकांचे पैसे कधीकधी दोनदा कापले जात आणि मी दोन आठवडे त्यात डोकं फोडत होतो. तिने चहाच्या टपरीवर सांगितलं, व्यवहार सुरू व्हायच्या आधीच त्याला एक नंबर देऊन टाकू, तोच नंबर परत आला तर दुसऱ्यांदा पैसे कापायचेच नाहीत. तिने रात्री तेवढा भाग लिहून पाठवला. मी तो माझ्या ब्रँचमध्ये चिकटवला, आजूबाजूचं सगळं बांधलं आणि माझ्या नावाने चढवला. त्या तिमाहीत शाबासकी मला मिळाली. मीटिंगमध्ये मी 'आम्ही' म्हणालो होतो, आणि 'आम्ही'त तीही आली असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. नंबर देण्याची पद्धत काही तिने शोधलेली नाही, जुनीच आहे, हेही सांगत होतो. म्हणजे तिच्या बाबतीत मला सगळी जमीनच दिसत होती, आणि घर फक्त माझं.

त्या फाईलमध्ये आजही माझंच नाव दिसत असणार. बदलायचं म्हटलं तरी आता मला आत शिरता येत नाही.

परवा तिला मेसेज केला, की ते तुझं काम होतं, मी तेव्हा तसं सांगायला हवं होतं. बराच वेळ निळ्या टिका नुसत्या दिसत राहिल्या. मग उत्तर आलं, "दादा, त्या रिफंडच्या फाईलबद्दल बोलताय ना? १४ तारखेची." मला तारीख आठवत नव्हती.