नुसतं बघणं

दीड इंचाचा बेडूक, निळाजर्द, अंगावर काळे ठिपके. दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामच्या बाजूचा. अशा बेडकांचे रंग शोभेचे नव्हेतच; ‘मला खाऊ नकोस’ ही ती ताकीद. कोलंबियातले एम्बेरा लोक यांच्यातल्याच एका पिवळ्या जातीच्या पाठीवर फुंकनळीच्या बाणांची टोकं घासून शिकार करत. हे विष येतं जंगलातल्या मुंग्या आणि बारीक किडे खाऊन. काचेच्या पेटीत जन्मलेल्यांना फळांवरची चिलटं मिळतात, म्हणून विष नसतंच. ताकीद तेवढी उरते, आणि तिचेच फोटो निघतात.

माझी भाची अमेरिकेत असे बेडूक पाळते. फोटो आला की आम्ही सगळ्याजणी ‘किती गं गोड!’ म्हणून मोकळ्या. फोटोत कसली आलीय हिंसा? पण बेडूक स्थिर बसत नाही. काहीजण त्याला गार करून सुस्त करतात नि मग पानावर मांडतात. भाची तसं करत नाही, तासभर वाट बघते. तरी जिवंत चिलटं वाढवून त्याच्यापुढं टाकावी लागतातच. जंगलातही तो तेच खातो, खरंय. पण तिथलं ताट आपण वाढलेलं नसतं.

प्रतिक्रमणात आपण कृत, कारित, अनुमोदना असा तिन्हींचा हिशेब मांडतो. पहिले दोन तिचे असतील. अनुमोदना मात्र आमच्या त्या ‘गोड’मध्ये आहे. हल्ली मी आधी विचारते, “कसा काढलास गं?” मग कौतुक, जमलं तर. “मावशी, तू नुसतं बघ ना,” म्हणते ती.